गोल नाच आणि चौकोनी रंगमंच

धुळ्यात आमचं एक छोटं कलाकेंद्र आहे. खाली गाण्या-तबल्याचे वर्ग, वर भरतनाट्यमचा वर्ग, मागे सभागृह आणि सभागृहाच्या मागे बऱ्यापैकी मोठं मोकळं आवार. मी तिथे गाणं शिकवते. वर्षभरात इथे शाळांची स्नेहसंमेलनं होतात, दिवाळी पहाट होते, कुणाच्या षष्ट्यब्दीला भक्तिगीतांची मैफल होते. गेल्या वर्षी समितीने ठरवलं की आपल्या भागात जेवढ्या समाजांचं गाणं आणि नाच आहे, तेवढं एका संध्याकाळी एकत्र आणायचं. जमवाजमवीचं काम माझ्याकडे आलं. ते कसं झालं ते जरा सविस्तर लिहिते, कारण असा कार्यक्रम करू पाहणारे खानदेशात पुष्कळ आहेत, आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच साच्यातून निघतो: प्रत्येक गटाला सात मिनिटं, मागे भलामोठा बॅनर, पुढे पाहुण्यांचे सोफे, आणि नाचून आलेल्या माणसांच्या हातात एक प्रमाणपत्र.

खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला अहिराणी, केळी आणि भरीत आठवतं. आपल्यालाही आपला खानदेश पुरता माहीत असतो असं नाही. 1906 साली इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला, पण ढोल आणि पावरी (भोपळ्याचं फुंकवाद्य) कुठल्या तालुक्यात वाजते हे त्या नकाशांवरून कळत नाही. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल, साक्री-नवापूरकडे कोकणा आणि मावची, तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा आणि तडवी, चाळीसगाव-जामनेरकडे बंजारा तांडे. खुद्द धुळे शहरात फाळणीनंतर आलेले सिंधी, पिढ्यान् पिढ्या इथले झालेले गुजराती आणि मारवाडी, मोमीन विणकरांच्या मोहल्ल्यातली कव्वाली. एवढी माणसं एका बाजारपेठेत रोज एकमेकांना भेटतात, एकमेकांकडून कापड आणि बियाणं घेतात, आणि एकमेकांचं गाणं मात्र त्यांनी क्वचितच ऐकलेलं असतं. म्हणून हा कार्यक्रम मला मनापासून हवा होता.

समितीने मला एक यादी दिली होती. कानबाईची गाणी, होळीचा आदिवासी नाच, बंजाऱ्यांची लेंगी, डोंगऱ्यादेवाची पावरी, दांडिया, घूमर, कव्वाली. यादी चांगली होती. फक्त कार्यक्रम चैत्रात व्हायचा होता, आणि या यादीतल्या अर्ध्याअधिक गोष्टींना स्वतःचा महिना असतो.

पहिल्यांदा मी देवपुरातल्या बायकांकडे गेले. त्यांचा गट दरवर्षी कानबाईची गाणी म्हणतो आणि त्यातल्या एक आक्का तर सगळ्या गल्लीला पाठ देतात. ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. नारळाला मुखवटा, नथ, साडीचोळी घालून चौरंगावर मांडतात. रोटाचा, म्हणजे नैवेद्याचा, गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवरून मोजून घेतात, आणि तो रोट भाऊबंदकीतच खायचा असतो. रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीला. गाणी त्या एका रात्रीची. आक्कांना मी विचारलं, चैत्रात यातली दोन-तीन गाणी म्हणाल का? त्यांनी पदर सावरला आणि सरळ विचारलं, "कानबाई घर येवाशिवाय तिना गाना म्हनतस का?"

यावर आग्रह करता आला असता. बाहेर कार्यक्रमांत ही गाणी कधीही म्हटली जातात, यूट्यूबवर तर बारमाही आहेत. पण या बाई ज्या गाण्यावर जगल्या ते त्यांच्याकडून बेमोसम मागून घेणं मला पटेना. मी म्हटलं, मग चैत्रात तुम्ही काय म्हणता? क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, "आखाजी ई राह्यनी, तिना गाना म्हनूत." आणि तिथेच बसल्या जागी सुरू झाल्या. समोर भाजी निवडत बसलेल्या दोघी लगेच मागे लागल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे दिवाळीइतकं महत्त्व आहे. सासरी गेलेली लेक माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, दोन गल्ल्यांतल्या मुली एकमेकींना गाण्यांतून टोमणे मारतात. त्या दिवसांत ती गाणी बायकांच्या ओठांवरच असतात. कार्यक्रमासाठी वेगळी तालीमसुद्धा लागली नाही.

त्या दुपारपासून मी प्रत्येक ठिकाणी यादी पिशवीतच ठेवली आणि एवढंच विचारत गेले: या दिवसांत तुमच्याकडे काय चालतं?

धडगावकडच्या एका पाड्यावर जायचं होतं. शहादा सोडलं की सातपुडा समोर उभा राहतो आणि पुढचा रस्ता क्रूझरवाल्यांचा. माझ्यासोबत एका आश्रमशाळेतले गुरुजी होते, कारण पाड्यावरच्या पावरा म्हाताऱ्यांची बोली मला कळत नाही. होळी नुकतीच होऊन गेली होती. नंदुरबार जिल्ह्यातली होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना बावा आणि बुध्या आठवत असतील: अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. काठीच्या राजवाडी होळीला तर हजारो लोक रात्रभर ते पाहायला जातात आणि पहाटे होळी पेटते. आमच्या समितीच्या मनात पोस्टरवर तोच फोटो होता.

पाड्यावरचे एक वयस्कर बाबा खाटेवर बसून ऐकत होते. गुरुजींनी विचारल्यावर ते बराच वेळ बोलले आणि गुरुजींनी मला थोडक्यात सांगितलं. तो वेष अंगावर चढवायचा तर आधी व्रत धरावं लागतं. जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, बाकीही पथ्यं असतात. नवस असतो तो. होळी झाली, व्रत सुटलं, टोप वर बांधून ठेवला. आता तो पुढच्या वर्षी निघेल. सरकारी सोहळ्यांत त्या वेषातले संघ जातात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्याबद्दल ते वाईट एक शब्द बोलले नाहीत. आपल्या पाड्यात तसं करत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. ढोल मात्र कधीही निघतो. लग्नात निघतो, पाहुणे आले की निघतो. ढोल घेऊन येतो, पोरी-पोरं नाचतील, कपडे आमचे रोजचे असतील, चालेल का?

मी हो म्हणून आले. समितीत यावर बराच वाद झाला. मोरपिसं नसतील तर लोक येणार नाहीत, फोटो काय छापायचा, वगैरे. मी एकच मुद्दा लावून धरला. त्या माणसाने आपल्याला नवसाचं काय आणि घरचं काय हे विश्वासाने सांगितलं. त्यानंतरही आपण टोप मागितला, तर तो कदाचित देईलही, कारण पाड्यावरच्या माणसाला शहरातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. पण मग आपण त्याच्याकडून नेमकं काय आणलं? अखेर पोस्टरवर ढोलाचा फोटो आला. चांगला दिसला.

चाळीसगाव तालुक्यातल्या तांड्यावरही हेच. लेंगी म्हणजे होळीची गाणी, होळी गेली की लेंगी गेली. मला कुणीतरी ढावलोबद्दल सांगितलं होतं. बंजारा मुलगी सासरी जायला निघते तेव्हा गळ्यात पडून जे रडतगात म्हणतात ते. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना सगळे याडी (आई) म्हणत, मीही म्हणू लागले. याडींचा आवाज असा होता की साधं बोलताना शेवटचा शब्द लांबवला तरी सूर लागायचा. ढावलो मागायची माझी जीभ रेटेना आणि मी तो मागितलाही नाही. त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, नवरी समोर नसताना रडायचं कुणासाठी? त्यापेक्षा सेवालाल महाराजांचं भजन घे, ते बारा महिने चालतं. नंगारा, थाळी, झांजा, आणि बायका फेटिया-काचळी घालून फेर धरतील. आरसे आणि कवड्या लावलेला तो पेहराव त्यांनी मला हातात धरायला दिला. खरंच वजनदार असतो. तो घालून वैशाखाच्या तोंडावर नाचायचं म्हणजे काय, हे तो हातात घेतल्यावर कळतं.

सिंधी मंडळींचं काम सगळ्यात लवकर झालं. त्यांच्या नववर्षाचा सण, चेटीचंड, नुकताच चैत्रात झाला होता, छेजच्या काठ्या अजून बाहेरच होत्या. ढोल आणि सनईवर पुरुषांनी गोलात काठ्या घेऊन नाचायचा तो छेज. एका दुकानात उभ्या उभ्या बोलणं झालं आणि ठरलं. कव्वालीचंही तसंच सोपं गेलं. घूमर आणि गरबा आमच्या केंद्रातल्याच मुलींच्या आयांनी केला. त्यांच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं फारसं नाही, छान झालं.

पावरीसाठी मात्र पिंपळनेरच्या पश्चिमेला जावं लागलं. पावरी हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांनी एकदा पाहावं. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, टोकाला शिंग, आणि हे सगळं मधमाशीच्या मेणाने सांधलेलं. वाजवणारा मध्ये श्वास घ्यायला थांबत नाही. गाल फुगवून त्यात हवा धरून ठेवतो, नाकाने आत ओढतो, आणि सूर चालूच राहतो. मी इतकी वर्षं गाणं शिकवते, मुलांना दमसास वाढवा म्हणून ओरडते. या माणसाचा एक चाळा (पावरीवरची धून) ऐकताना मी घड्याळ पाहायचं सोडून दिलं. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात असतो आणि तेव्हाचे चाळे त्यांनी राखून ठेवले होते. बाकीचे, लग्नाचे आणि नाचाचे, त्यांनी एकामागून एक वाजवून दाखवले आणि मला निवडायला सांगितलं. मी म्हटलं दादा, तुम्हीच निवडा.

एवढं सगळं जमल्यावर रंगीत तालीम ठेवली. जवळच्या गटांना बोलावलं, आणि पाड्यावरच्या मंडळींपैकी काही जण बाजाराच्या निमित्ताने खाली उतरले होते, तेही आले. ढोल सभागृहात वाजला आणि मला पुढचं सगळं काम समजलं.

आमचं सभागृह नाटकासाठी बांधलेलं आहे. समोर चौकोनी रंगमंच, तीन बाजूंना भिंती, छत बसकं. ढोलाचा पहिला ठोका पडला तो भिंतीवर आदळून परत आला आणि दुसऱ्या ठोक्यात मिसळला. चार ठोक्यांनंतर नुसता गडगडाट. तो ढोल डोंगराच्या उतारावरून पलीकडच्या पाड्याला ऐकू जावा म्हणून केलेला असतो. त्याला भिंती नकोत. दुसरी अडचण गोलाची. पावरा मंडळी एकमेकांच्या कमरेत हात गुंफून फेर धरतात आणि ढोल मध्ये. रंगमंचाच्या खोलीत तो गोल मावला नाही. त्याचा चपटा लंबगोल झाला, आणि पुढच्या बाजूच्या सगळ्या मुलींची पाठ प्रेक्षकांकडे. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य खुर्चीतून म्हणाले, यांना सरळ रांगेत उभं करा, तोंडं आपल्याकडे.

करून पाहिलं. मुली रांगेत उभ्या राहिल्या, ढोल एका टोकाला. पाच-सहा पावलांत रांगेचं दुसरं टोक मागे पडलं. त्यांना कळेना, मलाही आधी कळेना. मग मी ढोलकऱ्याकडे नीट पाहिलं. चाल बदलण्याच्या आधी तो डावा खांदा किंचित खाली घेतो. मान वळवत नाही, ओरडत नाही, फक्त खांदा. गोलात तो खांदा सगळ्यांना सारखा दिसतो. रांगेत तो पहिल्या तिघींना दिसतो आणि बाकीच्या शेजारणीचं पाऊल पाहून पाऊल टाकतात, म्हणून उशीर. म्हणजे गोल हा काही देखाव्यासाठी नव्हता. त्या नाचाचं व्याकरणच त्या गोलात होतं. आणि मग यादीकडे पाहिलं तर जवळजवळ सगळंच गोल निघालं: छेज गोल, गरबा गोल, बंजाऱ्यांचा फेर गोल, पावरीवरचा नाचही वळणावळणाने गोलाकडेच जाणारा. आपण सगळ्यांना एका चौकोनाकडे तोंड करून उभं करणार होतो.

त्याच संध्याकाळी मी समितीकडे मागचं आवार मागितलं. रंगमंच नको, आवाराच्या मध्यभागी मोकळी जागा ठेवायची आणि प्रेक्षक चारी बाजूंना सतरंज्यांवर. हरकती आल्या आणि त्यातल्या काही रास्त होत्या. उघड्यावर कार्यक्रम म्हणजे रात्री दहाला बंद करावाच लागणार. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि नुसतं वाद्य म्हटलं तरी सुटका नाही. बंद सभागृहात ती अडचण नसते. शिवाय एप्रिलमधलं धुळं. सहा वाजेपर्यंत जमीन तापलेली असते आणि नाचणारे सगळे अनवाणी. पाहुण्यांना सतरंजीवर कसं बसवायचं, हाही प्रश्न आला.

दहाची अट मी आनंदाने घेतली. साडेसहाला सुरू करू, साडेतीन तास पुष्कळ झाले. जमिनीसाठी दुपारी चारपासून पाणी मारायचं ठरलं. आधी आमच्या वर्गातल्या मुलांनी आवारातले खडे वेचले, मुरूम दाबून घेतला, झाडून घेतला, मग टँकरने पाणी. पाहुण्यांसाठी आणि ज्यांना खाली बसवत नाही अशा वयस्कर माणसांसाठी खुर्च्या एका बाजूला, शेवटच्या रांगेत. काही जणांना ते आवडलं नाही. माझ्या मते ते योग्य होतं, आणि पुन्हा करायचं झालं तर पुन्हा तसंच करीन.

साउंडवाल्या भाऊंशी बसून बराच वेळ घालवला आणि तो वेळ सत्कारणी लागला. त्यांनी सवयीने सगळ्या ढोलांना माइक लावायची तयारी केली होती. ढोल, नंगारा, पावरी यांना माइक नको असं ठरलं. आवाराच्या कोणत्याही कोपऱ्यात ते ऐकू येतं, हे आम्ही उभं राहून तपासलं. माइक फक्त गाण्याला. आणि तिथेही एक खुबी आहे. आखाजीची गाणी दोन बाजूंनी म्हणतात. एक बाजू ओळ टाकते, दुसरी उचलते. आपण एकीच्या हातात कॉर्डलेस दिला की ती गायिका होते आणि बाकीच्या तिचा कोरस. म्हणून दोन स्टँड, दोन बाजूंना, छातीच्या उंचीवर, आणि बायकांनी त्यांच्यापासून हातभर लांब राहायचं. आवाज थोडा कमी आला, पण दोन गल्ल्यांचा आला. दिवेसुद्धा समोरून न टाकता चार खांबांवर उंच लावले. समोरून उजेड आला की गोलातल्या अर्ध्या माणसांचे डोळे दिपतात.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. समितीची पद्धत अशी की नावाजलेल्या कलाकाराला मानधन आणि लोककलावंतांना प्रवासखर्च आणि शाल-श्रीफळ. पाड्यावरून येणाऱ्या माणसाचे दोन दिवस मोडतात. एक यायचा, एक परतायचा. चैत्रात त्यांची मजुरी चालू असते. शाल पांघरून दोन दिवसांची रोजी भरून निघत नाही. शेवटी असं ठरलं की प्रत्येक माणसाला दोन दिवसांची रोजी, वर गटाचं मानधन, आणि गट कोणताही असो, मानधन सारखं. गाडीभाडं वेगळं. हे सगळं त्याच रात्री, रोख, गटातल्याच दोन माणसांच्या सह्या घेऊन. चेक नाही, "पुढच्या आठवड्यात पाठवतो" नाही. कव्वालीच्या उस्तादांना नेहमी मिळतं त्यापेक्षा हे कमी होतं. त्यांना सगळा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला, वर त्यांच्या साथीदारांसाठीही रोजीचाच नियम लावा म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पिंपळनेरची मंडळी आली तेव्हा पावरीवाल्या दादांचा चेहरा उतरलेला होता. गाडीत मागे ठेवलेल्या पावरीचं मेण उन्हाने मऊ पडलं होतं. फुंकलं की नळीच्या बुडाशी हवा सुटायची, सूर घोगरा यायचा. आम्ही सगळे घाबरलो, ते मुळीच नाही. त्यांनी माठाजवळची गार जागा मागितली, पावरी ओल्या फडक्यात गुंडाळून तिथे ठेवली, आणि थंड झाल्यावर पिशवीतून मेणाची गोळी काढली. अंगठ्याने ती मळत मळत नळीच्या सांध्याभोवती लावली, ओठ लावून बघितलं, पुन्हा थोडं मेण, पुन्हा फुंकर. आमच्या हार्मोनियमच्या वर्गातली मुलं भोवती बसून पाहत होती. एका मुलाने विचारलं, मेण कुठून आणता? दादांनी सांगितलं, पोळं काढतो तेव्हा ठेवतो. मुलांनी हार्मोनियमचा भाता फाटला की दुकानात नेलेला पाहिला आहे. वाद्य स्वतःच्या हाताने बरं करणारा माणूस त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

जेवण संध्याकाळी पाचलाच ठेवलं. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. मारवाडी कुटुंबांसाठी कांदा-लसूण नसलेलं वेगळं. रात्री दहानंतर पानं वाढण्यापेक्षा हे बरं, कारण धडगावच्या गाड्या लगेच निघणार होत्या. आणि जेवणातच ती गोष्ट झाली जिच्यासाठी खरं तर हा सगळा घाट होता. सिंधी ढोलवाले भाऊ पंगतीतून उठून पाड्यावरच्या ढोलाजवळ गेले. कातडं कशाचं, दोरी कशी ओढता, ऊन लागलं तर आवाज चढतो का, असं सुरू झालं. बोली दोघांची वेगळी, मध्ये गुरुजीही नव्हते. एकाने आपल्या ढोलाच्या कड्या दाखवल्या, दुसऱ्याने दोरीचा पीळ. मग एकमेकांचा ढोल गळ्यात घालून पाहिला. पाड्यावरच्या पोराने सिंधी ढोलावर आपली चाल वाजवली तेव्हा ती अगदीच हलकी लागली आणि तो हसला. 'वही' हा खानदेशी लोकगीतांचा प्रकार गाणारे एक नाना बाजूला डफ शेकत होते, त्यांनीही मग त्यात तोंड घातलं. त्या वेळी ना प्रेक्षक होते, ना माइक.

कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. निवेदन मी केलं नाही. प्रत्येक गटातल्या माणसाने आपल्या बोलीत सांगितलं की हे काय आहे आणि कधी असतं, मग मी मराठीत दोन वाक्यं. याडींनी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगितलं तेव्हा प्रेक्षकांतल्या तांड्यावरून शहरात आलेल्या बायका अशा काही ओरडल्या की त्यांना थोडं थांबावं लागलं. आक्कांनी अहिराणीत सांगितलं की कानबाई का नाही म्हणणार, ते श्रावणात घरी या आणि ऐका. त्यावर लोक हसले आणि टाळ्याही पडल्या. पाड्यावरच्या गोलात ढोलकऱ्याचा खांदा खाली गेला, मी बोट दाखवून माझ्या विद्यार्थिनींना तो दाखवला, आणि पुढच्या ठोक्याला सगळं रिंगण एकदम उलटं फिरलं. चारी बाजूंनी माणसं बसलेली असल्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या समोर प्रत्येक नाचणाऱ्याचा चेहरा येत होता. पाठ कुणाचीच नव्हती.

सगळं काही उत्तम झालं असं नाही. कव्वालीला उघडी जागा मानवली नाही. तिला बंदिस्त बैठक लागते, आवाज वर विरून गेला. पुढच्या वेळी ती सभागृहातच ठेवायची, असं उस्तादांनी स्वतः सुचवलं. शेवटी सगळ्या गटांनी मिळून एक नाच करावा अशी समितीची इच्छा होती. मला तो नको होता आणि गटांनाही नको होता. दहाला पाच कमी असताना छेज संपला आणि आम्ही माइक बंद केले.

मग हिशेब, सह्या, गाड्या. आणि एक विषय उरला, रेकॉर्डिंगचा. आमच्या एका विद्यार्थ्याने सगळं कॅमेऱ्यावर घेतलं होतं. अहिराणी गाण्यांचं यूट्यूबवर केवढं मोठं मार्केट आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि गाणं कुणाचं, पैसा कुणाला, यावरून गावोगाव रुसवेफुगवे चालतात. म्हणून गाड्या निघायच्या आधी मी प्रत्येक गटाला विचारलं आणि त्यांनी सांगितलं ते एका कागदावर लिहून घेतलं. सिंधी मंडळी आणि गरब्याच्या बायका म्हणाल्या, खुशाल टाका. आक्का म्हणाल्या, आखाजी होऊन जाऊ द्या, मग बघू. पाड्यावरच्या बाबांनी पेनड्राइव्हवर मागितलं, इंटरनेटवर नको म्हणाले, पाड्यावर पोरं बघतील तेवढं पुरे. पावरीवाल्या दादांना आवाज वेगळा हवा होता, नुसता आवाज, चित्र नाही, त्यांच्या मुलाला शिकवायला. प्रत्येकाला त्याचं त्याचं पोहोचवून झालं आहे. केंद्राकडे एक प्रत आहे, ती वर्गात ऐकवतो, बाहेर देत नाही.

मार्गशीर्षात दादांनी आम्हाला पिंपळनेरकडे बोलावलं आहे, डोंगऱ्यादेवाला. इथे राखून ठेवलेले चाळे तिथे ऐकायला मिळतील. वर्गातल्या मोठ्या मुलांना घेऊन जायचं ठरवलं आहे, एक क्रूझर सांगून ठेवली आहे. तिथे आम्ही कॅमेरा नेणार नाही, आणि किती वेळ बसायचं, कुठे बसायचं, हे ते सांगतील तसं. कुणाला सोबत यायचं असेल तर केंद्रात नाव देऊन ठेवा, गाडीत अजून जागा आहे.